भगीरथ सुटला, मग सुधाकर का नाही? : ‘एकच प्याला’चं एक उशिरा केलेलं वाचन

मागे आवाज येतोय ना? येत नसेल तर हात वर करा, मी माइक जवळ घेते.

एकतीस डिसेंबर जवळ आला की आपल्या वर्तमानपत्रांतून एक शब्द हमखास डोकावतो. तळीराम. तळीरामांवर पोलिसांची नजर, तळीरामांना दणका वगैरे. रामगणेश गडकऱ्यांच्या एका पात्राचं नाव सामान्यनाम होऊन बसलं. मराठीत असं भाग्य फार थोड्या पात्रांना लाभलंय. आता त्याच नाटकात आणखी एक माणूस आहे, तोही पितो, आणि तो सोडतो. त्याचं नाव कुणाला आठवतंय? (काही हात वर होतात.) तीन, चार... बरोबर, भगीरथ. एवढ्या भरलेल्या सभागृहात चार हात. आणि हे तुमच्यावर टीका म्हणून म्हणत नाही हं. मी हे नाटक पंचवीसेक वर्षं वर्गात शिकवलं, आणि माझ्या टिपणांमध्ये भगीरथाला दीड ओळ होती.

पिणाऱ्यासाठी आपल्या भाषेत शब्दांचा ढीग आहे. दारुडा, बेवडा, पियक्कड, तळीराम. आणि घरातलाच असला तर ‘तो थोडी घेतो’. सोडलेल्या माणसाला काय म्हणतो आपण? ‘आधी प्यायचा तो’. म्हणजे सोडल्यावरही त्याची ओळख पिण्यावरूनच. ही गोष्ट माझ्या लक्षात कशी आली ते आधी सांगते, कारण त्याशिवाय आजचं वाचन कुठून आलं ते कळणार नाही.

माझा मोठा भाऊ. आम्ही दादा म्हणतो. दादा कित्येक वर्षं पीत होता आणि आमच्या घरात तो ‘थोडी घेत’ होता. हे इथे सांगायला मी त्याची परवानगी घेतली आहे. त्याची अट एकच, नाव आणि गाव सांगायचं नाही. तर मी वर्गात सुधाकरावर व्याख्यान देत होते, त्याचा अहंकार, त्याचा तापट स्वभाव, शोकात्म नायकाचा दोष, सगळं व्यवस्थित फळ्यावर लिहून. आणि संध्याकाळी वहिनीचा फोन आला की तिला सांगत होते, ‘थोडं सांभाळून घे, स्वभाव आहे त्याचा.’ हे दोन्ही मीच बोलत होते आणि मला त्यात विसंगती दिसत नव्हती. आजचं भाषण म्हणजे एका परीने माझ्याच जुन्या टिपणांची समीक्षा आहे.

नाटकाची गोष्ट तुम्हाला माहीत आहे, मी झटकन सांगते. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि त्यानंतर त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणलं. गणपतराव बोडस सुधाकर, बालगंधर्व सिंधू. सुधाकर हुशार वकील, गरिबीतून स्वतःच्या बळावर वर आलेला, मानी. कोर्टात अपमान होतो, तोल जातो, सनद काही काळासाठी रद्द होते. त्या वेदनेवर उतारा म्हणून तळीराम त्याच्या हातात पहिला प्याला देतो. पुढे घर जातं, पैसा जातो, मूल जातं, सिंधू जाते, शेवटी सुधाकर स्वतः विष घेऊन जातो. मराठी प्रेक्षक शंभर वर्षं या नाटकाला रडला आणि पदांना ‘वन्स मोअर’ देत राहिला. दोन्ही एकदम करता येतं आपल्याला.

आता मला आज एकच प्रश्न विचारायचा आहे. या नाटकात दारू पिण्यासाठी माणसं एकत्र जमतात. दारू सोडण्यासाठी जमतात का?

पिण्यासाठी जमतात ते आर्यमदिरामंडळ. आपण ते प्रवेश विनोदी म्हणून बघतो, आणि आहेतच ते विनोदी. त्या काळात सभा, समाज, मंडळ्या यांचं पीक आलं होतं, सुधारणेच्या नावाने भाषणं झडत होती, आणि गडकऱ्यांनी त्या सगळ्या थाटाची टर उडवली. पण विनोद क्षणभर बाजूला ठेवून बघा, तळीरामाच्या मंडळात काय काय मिळतं? ठरलेली जागा मिळते, ठरलेली वेळ मिळते. कोणत्याही जातीचा, कोणत्याही धंद्याचा माणूस आत आला की त्याला जागा होते. कालपर्यंत काय होतास हे कुणी विचारत नाही. तुझं दुःख काय ते सांगायची मुभा, ते ऐकून मान डोलावणारी माणसं. जगाने हाकललेला माणूस तिथे सभासद असतो! प्रेमभंगाने पोळलेला भगीरथ तिथे गेला, सनद गेलेला सुधाकर तिथे गेला. गडकऱ्यांना हे नेमकं दिसलं होतं की माणूस नुसत्या दारूसाठी गुत्त्यावर जात नाही, तो सोबतीसाठीही जातो.

समोरच्या बाजूला काय आहे? रामलाल आहे. रामलाल सज्जन, विवेकी, सुधाकराचा जिवलग. त्याच्याशी बोलताना सुधाकर दारूच्या पायऱ्यांचं जे विवेचन करतो, एका प्याल्यापासून माणूस कसा कसा उतरत जातो आणि परतणं का अशक्य होतं, ते मराठी रंगभूमीवरच्या गाजलेल्या भाषणांपैकी एक. आम्ही मुलांना ते पाठ करायला लावायचो, वक्तृत्वाचा नमुना म्हणून. आज मला ते भाषण वेगळं ऐकू येतं. तो माणूस आपल्या आजाराचं इतकं अचूक निदान सांगतोय, आणि ऐकणारा कोण आहे? ज्याने कधी प्यायलेली नाही तो. रामलालला कळवळा आहे, उपदेश आहे, प्रसंगी पैसाही आहे. फक्त ‘मीही तिथे होतो’ हे वाक्य त्याच्याकडे नाही. ते असू शकत नाही, त्याचा दोष नाही. पण नाटक सगळा भार त्याच्यावरच टाकतं.

आणि हे वाक्य ज्याच्याकडे आहे तो भगीरथ. रामलालच्याच बोलण्याने तो मंडळातून बाहेर पडतो, सुटतो. म्हणजे नाटकाने स्वतःच सिद्ध केलं की सुटका होते. सुधाकर रंगमंचावर सांगतो की कुणी सुटत नाही, आणि त्याच रंगमंचावर एक सुटलेला माणूस चालत असतो! पण भगीरथाची पुढची कथा वळते कुठे? बालविधवा शरदकडे, प्रेमाकडे, देशसेवेच्या गोष्टींकडे. नाटककाराला पुनर्विवाहाचा प्रश्न मांडायचा होता, त्यासाठी त्याला भगीरथ हवा होता. सुटलेल्या माणसाने अडकलेल्या माणसाशेजारी बसावं आणि सांगावं की माझं असं झालं होतं, या शक्यतेवर नाटक उभं राहत नाही. दोन पात्रं एकाच मंडळातून गेलेली, एकाच नाटकात, आणि त्यांच्यात हवा तो संवाद नाही.

मध्ये एक प्रसंग येतो, माझ्या मते नाटकाचा खरा कणा. सुधाकर दारू सोडतो. शपथ घेऊन, निश्चयाने, एका झटक्यात. आणि नोकरी शोधायला प्रतिष्ठित लोकांच्या दारात जातो. तिथे त्याला नकार मिळतो, टोमणे मिळतात. दारुड्याला कोण ठेवणार! तो परततो आणि पुन्हा प्याला उचलतो. आमच्या समीक्षेत यावर बराच खल झाला आहे की हा माणूस इतक्या लवकर कसा कोसळतो, हे मानसशास्त्रदृष्ट्या पटत नाही, अहंकार हेच त्याचं मूळ, नियती, वगैरे. मीही लिहिलंय. आता मला वाटतं, त्या दिवसाकडे जरा व्यवहाराने बघावं. नुकतीच सोडलेली आहे. हात थरथरत असणार. झोप नसणार. अपमान झालाय. संध्याकाळ झाली आहे. घरी सिंधूला तोंड दाखवायची लाज वाटते आहे. आता या माणसाला गावात जायला जागा कुठली? एकच दार उघडं आहे, आर्यमदिरामंडळाचं. मग तो तिथे गेला, यात न पटण्यासारखं काय आहे?

आता तुम्ही म्हणाल, बाई, १९१९ साली दुसरं दार होतं कुठे? खरं आहे. त्या काळात दारूविरुद्धचे उपाय म्हणजे शपथ, व्याख्यान आणि पिकेटिंग. पुण्यात १९०८ साली टिळकांच्या पाठिंब्याने दारूच्या दुकानांवर निरोधनं झाली होती. दुकानापुढे उभं राहणाऱ्यांचा विचार झाला होता. दुकानातून बाहेर पडलेला माणूस पुढे कुठे जातो, हा प्रश्न कुणाच्या यादीत नव्हता. आपल्याकडे नव्हता तसा जगातही फारसा नव्हता.

म्हणून मी तुम्हाला सोळा वर्षं पुढे आणि फार लांब घेऊन जाते. अमेरिकेत ओहायो राज्यात ॲक्रन नावाचं गाव, टायरच्या कारखान्यांचं. मे १९३५. न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल एका कंपनीच्या ताब्याच्या लढाईसाठी तिथे आला आणि हरला. बिल डब्ल्यू. या नावाने जग त्याला ओळखतं. दारूने धंदा बुडालेला, आधीच्या डिसेंबरपासून प्यायलेला नाही. मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत तो उभा आहे, एकटा, हरलेला. एका बाजूने बारमधला आवाज येतोय. बघा, प्रसंग हुबेहूब आपल्या सुधाकराचा आहे. धंद्यातला पराभव, दुखावलेला मान, संध्याकाळ, आणि ओळखीचं दार. पण लॉबीत दुसऱ्या बाजूला टेलिफोन होता आणि गावातल्या चर्चची यादी होती. त्याने त्या यादीवरून फोन लावायला सुरुवात केली, आणि त्याची मागणी विचित्र होती. मला मदत करा असं तो म्हणत नव्हता. मला बोलायला दुसरा एक दारुडा हवा आहे, असं म्हणत होता.

कारण गेले काही महिने तो न्यूयॉर्कमध्ये इतर पिणाऱ्यांना सुधारायला धडपडत होता. त्यातला एकही सुधारला नव्हता, पण तो स्वतः कोरडा राहिला होता. त्या संध्याकाळी हा हिशोब त्याच्या ध्यानात आला. शेवटी त्याची गाठ पडली एका सर्जनशी, डॉ. बॉब. तोही कित्येक वर्षं पिणारा. डॉक्टरने जेमतेम पंधरा मिनिटं बसायचं कबूल केलं होतं, ते दोघे रात्री उशिरापर्यंत बोलत बसले. बिलने उपदेश केला नाही, आपलीच गोष्ट सांगितली. पुढे डॉ. बॉबने शेवटचं मद्य घेतलं तो दिवस १० जून १९३५, आणि तोच अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा, ए. ए.चा, स्थापनादिन मानतात. चळवळीचं नाव ज्या पुस्तकावरून पडलं ते १९३९ साली आलं.

मला साहित्याची विद्यार्थिनी म्हणून यात रस कशात आहे? श्रोता बदलला, यात. सुधाकराचं तेच भाषण, पायऱ्या-पायऱ्यांनी उतरण्याचं, रामलालसमोर केलं की शोकांतिका होते. तेच दुसऱ्या सुधाकरासमोर केलं की ती सभा होते.

दादाची गोष्ट इथे येते. सभा शोधणं ही काय भानगड आहे ते मला तेव्हा कळलं. वहिनीला कुणीतरी एका शाळेचा पत्ता दिला, अमुक वारी संध्याकाळी सात वाजता. मी आणि दादा गेलो. शाळेला दिवाळीची सुट्टी, फाटक बंद. वॉचमन आला आणि मोठ्याने म्हणाला, ‘ती दारूवाल्यांची मीटिंग होय? ती पलीकडं चर्चच्या हॉलमध्ये गेली.’ झालं. दादा तिथल्या तिथे वळला. वॉचमनला कळलं म्हणजे गावाला कळलं! पलीकडे म्हणजे चार मिनिटांचं अंतर होतं, आम्ही घरी आलो. त्या रात्री तो प्यायला. मी चिडले, बरंच बोलले. रामलालसारखंच बोलले असेन.

पुढे अकरा दिवसांनी त्याने स्वतःच हेल्पलाइनवर फोन केला. मला ते मागाहून कळलं. पलीकडच्या माणसाने त्याला काहीही समजावलं नाही म्हणे. एवढंच म्हणाला, ‘मी गेटवर उभा राहतो, हातात निळी छत्री असेल.’ पावसाचे दिवस नव्हते. दादा गेला तर माणूस खरोखर छत्री घेऊन उभा. आतापर्यंत मी सुधाकराच्या पतनाची जी जी कारणं शिकवली, त्यात ‘गेटवर कुणी उभं नव्हतं’ हे कारण नव्हतं.

तिथे आत काय चालतं? काही सभा खुल्या असतात, तिथे घरचे किंवा माझ्यासारखे बाहेरचे बसू शकतात. बाकीच्या बंद, फक्त ज्याला सोडायची आहे त्याच्यासाठी. मी खुल्या सभांना बसले. तिथे ऐकलेलं तिथेच ठेवायचं असतं, त्यामुळे कुणाची कहाणी मी सांगणार नाही, फक्त रचना सांगते. खोली साधी, खुर्च्या, चहा. फी नाही, फॉर्म नाही. शेवटी एक पिशवी फिरते, इच्छा असेल त्याने काही टाकावं. बाहेरून देणगी घेत नाहीत. आडनाव सांगायचं नाही, आणि आपल्याकडे आडनाव गाळलं की काय काय गळून पडतं हे तुम्हाला सांगायला नको. प्रत्येकजण उठून नाव सांगतो, मी मद्यपाशी आहे म्हणतो आणि बोलतो. मराठी सभांमधला हा ‘मद्यपाश’ शब्द मला फार आवडला. ‘व्यसन’ म्हटलं की त्यात नीतीचा वास येतो. पाश म्हटला की तो कुणाच्याही गळ्यात पडू शकतो.

बोलण्याला एक घाट असतो. पूर्वी कसा होतो, काय घडलं, आता कसा आहे. मध्ये कुणी टोकत नाही, कुणी सल्ला देत नाही, संपलं की धन्यवाद. पहिल्या दिवशी मला, खरं सांगते, कंटाळा आला. समीक्षकाचा कान आहे ना. सगळ्या गोष्टी सारख्याच वाटल्या. तेच कर्ज, तीच खोटी आजारपणं, तीच मुलांची नजर. मी मनात म्हटलं, यात व्यक्तिवैशिष्ट्य नाही. दादाला गाडीत म्हटलंही तसं. तो बराच वेळ गप्प होता आणि मग म्हणाला, ‘मला वाटायचं हे फक्त माझंच आहे.’ ज्या सारखेपणाचा मला कंटाळा आला, त्याच सारखेपणाने त्याला मोकळं केलं होतं. आमच्या शास्त्रात अनन्यता हा गुण मानतात. दादा वीस वर्षं स्वतःला अनन्य समजत पीत होता.

आणखी एक गोष्ट. सुधाकराची शपथ जन्माची असते. सभेतली भाषा आजच्या दिवसाची असते, आज घ्यायची नाही, उद्याचं उद्या बघू. आणि पहिल्या घोटाला जपायचं, कारण दहावा नाही, पहिलाच घोट घात करतो. म्हणजे गडकऱ्यांनी शीर्षकातच जे सांगून ठेवलंय तेच! एकच प्याला. हे त्यांनी १९३५ च्या आधी ओळखलं होतं, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

आता सगळं गोड आहे असं समजू नका. माझे काही आक्षेप आहेत. पहिला देवाचा. बारा पायऱ्यांमध्ये परमेश्वर वारंवार येतो. ‘आम्हाला जसा उमगला तसा’ अशी सूट मूळ मजकुरातच आहे, पण नास्तिक माणसाला ती सूट पाहुण्यासारखी वाटू शकते. दादा नास्तिक आहे. त्याने सभेलाच आपल्याहून मोठी शक्ती मानलं आणि विषय मिटवला. सगळ्यांना असं जमेलच असं नाही. दुसरा आक्षेप गंभीर आहे, बायकांचा. मी बसले त्या खोल्यांमध्ये पिणाऱ्या स्त्रिया जवळपास नव्हत्या. याचा अर्थ त्या पीत नाहीत असा नाही. पुरुषाला ‘मी मद्यपाशी’ म्हणायला जेवढी हिंमत लागते त्याच्या कैक पट तिला लागते, आणि समोर पंधरा पुरुष बसलेले. आता ऑनलाइन सभा होतात, स्त्रियांच्या वेगळ्या सभाही होतात, त्याने थोडा फरक पडतो. तिसरं, अनामिकता ही शहराची चैन आहे. तालुक्याच्या गावी चर्चच्या हॉलबाहेर कुणाची मोटरसायकल लागली आहे हे सगळ्यांना कळतं. तिथले काही लोक शेजारच्या तालुक्यातल्या सभेला जातात, एसटीने, म्हणजे दिवसाची मजुरी बुडवून.

उपयोग होतो का, असं विचाराल तर २०२० साली कॉक्रेन या संस्थेने सगळा पुरावा एकत्र तपासला. सत्तावीस अभ्यास, दहा हजारांहून अधिक माणसं. निष्कर्ष साधारण असा की, ए. ए.कडे पद्धतशीरपणे वळवणारे उपचार इतर मान्य उपचारांच्या तोडीचे आहेत, आणि पूर्ण दारूबंद राहण्याच्या बाबतीत त्यांच्याहून सरस. सगळेच सुटतात असा दावा कुणी करत नाही. दादा स्वतः पाच महिन्यांनी घसरला होता. परत गेला, तर कुणी हिशोब विचारला नाही, खुर्ची पुढे केली. सुधाकर परत आला तेव्हा काय झालं ते आपण पाहिलंच.

आणि एक गोष्ट ठासून सांगते, कारण नाटक बघून गैरसमज होतो. रोज भरपूर पिणाऱ्याने सुधाकरासारखी एका झटक्यात, घरच्या घरी सोडू नये. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर, मग सभा. किंवा दोन्ही एकदम. पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचटांनी १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या प्रतिष्ठानच्या मदतीने. तिथे उपचारानंतरही माणसाला परत येत राहायला जागा ठेवली, घरच्या बायकांचे गट ठेवले. तो विचार मला औषधाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

घरच्या बायकांचा विषय निघाला, तर सिंधूपाशी येते. सिंधूबद्दल आपण एक तर हात जोडतो, नाहीतर चिडतो. पातिव्रत्याचा अतिरेक म्हणून तिच्यावर टीका झालीच आहे, मी ती पुन्हा करत नाही. मला तिची एकच कृती पाहायची आहे. मरताना ती पोलिसांसमोर नवऱ्याला वाचवण्यासाठी खोटं सांगते. प्रेक्षागृहात हुंदके येतात. आता दुसरं दृश्य. सोमवारी सकाळी आमची वहिनी दादाच्या ऑफिसला फोन करून सांगते, ‘त्यांना ताप आहे.’ महिन्यातून दोनदा, मग चारदा. तिला ते त्याग वाटतं, ऑफिसला ते खरं वाटतं, आणि दादाला पुढचा सोमवार मोकळा मिळतो. सिंधूची जबानी ही या फोनचीच मोठी बहीण आहे. आणि वहिनीला हे धडे कुणी दिले? नाटकांनी दिले, माहेराने दिले, मी दिले. ‘थोडं सांभाळून घे.’

१९५१ साली बिलच्या पत्नीने, लोइसने, आणि तिच्या एका मैत्रिणीने घरच्यांसाठी वेगळी चळवळ उभी केली, अल-ॲनॉन. तिथे पहिल्याच दिवसांत तीन गोष्टी सांगतात. याला तू कारण नाहीस, तुला हे आवरता येणार नाही, आणि तुला हे बरं करता येणार नाही. सिंधूला कुणी जात्यावर दळताना हे येऊन सांगितलं असतं तर नाटक पाच अंकी झालं असतं का, मला शंका आहे. वहिनीने ते ऐकलं आणि पुढच्या सोमवारी फोन केला नाही. एवढंच केलं तिने. दादा त्या दिवशी तिच्यावर खूप ओरडला. ऑफिसमधून मेमो आला. त्यानंतर काही आठवड्यांनी तो शाळेच्या फाटकाशी माझ्याबरोबर उभा होता. एकामुळेच दुसरं झालं असं मी म्हणणार नाही, पण क्रम तसा आहे.

वेळ संपत आली. दोन चिठ्ठ्या आल्या आहेत, तेवढ्या घेते.

पहिली. ‘तुम्ही आजच्या मूल्यांनी गडकऱ्यांना झोडपता आहात.’ नाही हो. उलट माझं म्हणणं असं की त्यांना पिणाऱ्याच्या मनाची जाण आपल्या सगळ्यांहून जास्त होती. आर्यमदिरामंडळ लिहिणाऱ्या माणसाला संगतीची ताकद कळली नव्हती, असं कोण म्हणेल? ती ताकद त्यांना एकाच दिशेने वापरता आली, कारण दुसऱ्या दिशेचं उदाहरण त्यांच्यासमोर नव्हतं. झोडपायचं असेल तर आम्हा शिक्षकांना झोडपा. आमच्यासमोर उदाहरण होतं. मी शिकवायला लागले तेव्हा मुंबई-पुण्यात सभा भरत होत्या, आणि मी फळ्यावर ‘शोकात्म दोष’ लिहीत होते.

दुसरी चिठ्ठी, नाव नाही. ‘माझे मिस्टर कुठेही यायला तयार नाहीत. त्यांना कसं न्यावं?’

ताई, तुम्ही सभागृहात असाल तर, त्यांना नेऊ नका. तुम्ही जा. अल-ॲनॉनच्या सभेला जायला त्यांनी दारू सोडलेली असावी लागत नाही, त्यांना माहीत असावं लागतही नाही. ए. ए. आणि अल-ॲनॉनच्या संकेतस्थळांवर गावागणिक सभांची यादी असते. पण यादीवर विसंबून थेट जाऊ नका, आधी फोन करा. खोल्या बदलतात, शाळांना सुट्ट्या लागतात, आमची फेरी तशीच फुकट गेली होती. उपचारांची माहिती हवी असेल तर सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे. मारहाण होत असेल तर मात्र सभेची वाट पाहू नका, आधी स्वतःला आणि मुलांना सुरक्षित जागी हलवा. आणि फोनवर बोलाल तेव्हा एवढं विचारा की पहिल्या दिवशी गेटवर कुणी भेटेल का. बहुतेक वेळा कुणीतरी तयार होतं. आमची वहिनी या सभागृहात आहे, शेवटून दुसऱ्या रांगेत. कार्यक्रम संपल्यावर ती दाराशी थांबेल. तुम्ही येऊन काही बोललात तरी चालेल, नुसत्या उभ्या राहिलात तरी चालेल.